दोन हात, चार बोटं

सामुएल मेला तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघायच्या आत मार्थाबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला कार्बोलिक साबणाचा वास होता. "नाही, रूथ," त्या म्हणाल्या. "आपल्यात नाही."

वैशाखातली सकाळ होती. मिशनच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात हैज्याच्या रोग्यांच्या बाजा ओळीनं लावल्या होत्या. सामुएल माझा एकुलता मुलगा, चार वर्षांचा. आदल्या दुपारी त्याला जुलाब लागले आणि सकाळी खेळ संपला. मार्थाबाईंचा हात तोंडावरून निघाला तेव्हा माझा आवाजही कुठंतरी गेला होता. त्या बाजेजवळ गुडघे टेकून बसल्या, कोपर त्याच्या टाचेपाशी ठेवलं आणि हात त्याच्या पायावरून सरळ ठेवला. मग कोपर उचलून पुढं. "दोन हात, चार बोटं," त्यांनी याकोबदादाला सांगितलं. याकोबदादा दवाखान्याचा स्वयंपाकी. मयताच्या पेट्याही तोच ठोकायचा.

मार्थाबाई मेलेल्यांचं माप अशीच घेत. फीत वापरत नसत. फीत थंड लागते म्हणत. मेलेल्याला काय थंड आणि काय गरम, पण त्यांना तसं वाटे.

आमचं मिशन बाभुळगावच्या अलीकडं होतं. दवाखाना, चर्च, चौथीपर्यंत शाळा आणि पंधरावीस घरांचं कंपाउंड. माझा नवरा फिलीप मिशनची धमणी हाकायचा, म्हणजे रोग्यांना आणायची हलकी बैलगाडी. माझी आई चार कोसांवरच्या गावात राहायची. सामुएल जायच्या आधीच्या दसऱ्याला, छप्पन साली, आई आणि भाऊ नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन बौद्ध झाले होते. मी लग्नानंतर ख्रिस्ती झाले होते. एका घरात दोन धर्म झाले होते पण भांडण नव्हतं. भांडण व्हायचं ते त्या दुपारी झालं.

निरोप पोचला तशी आई चालत आली. आमच्याकडची रीत अशी की मयताला येणारी बाई गावाच्या वेशीपासूनच रडत येते. आई रस्त्यावरून सामुएलचं नाव घेत येत होती. डोक्यावर भाकरींचं गाठोडं होतं. ज्या घरी माणूस मेलं तिथं चूल पेटत नाही, सोयरे भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. मार्थाबाईंनी काळी छत्री उघडली आणि फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. मी व्हरांड्यात होते. सगळं ऐकू येत होतं.

"आत यायचं तर शांतपणे या, बाई."

"माहा नातू मेला."

"झोपलाय तो."

"झोपला त उठवा त्याले."

"उठेल. आम्ही तेच मानतो."

"कवा?"

"शेवटच्या दिवशी."

आईनं थोडा विचार केला. "मंग तवरक मले रडू द्या," ती म्हणाली.

मार्थाबाई बाजूला झाल्या नाहीत. आई म्हणाली, "बाई, आम्हीबी देव सोडले दसऱ्याले. टोपल्यात भरून नदीत टाकले. रडणं कोणी सोडलं?"

मार्थाबाई तरी हलल्या नाहीत. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून फाटकापाशी जायला पाहिजे होतं. गेले नाही. आई फाटकाबाहेरच्या दगडावर बसली, पेटी मागच्या कब्रस्तानात जाईपर्यंत बसली आणि मग निघून गेली. गाठोडं दगडावरच होतं. कुत्र्यांनी खाल्लं. त्यानंतर चार वर्षं आई कंपाउंडात आली नाही आणि चार वर्षं मी रडले नाही. रडू आलं की साबणाचा वास यायचा.

मार्थाबाईंवर मी एवढं कायले लिहून राह्यली असं कोणी विचारेल. तर त्या तेवढ्याच नव्हत्या.

मार्थाबाई अहमदनगरकडच्या. मिशननं त्यांना बायबलबाई म्हणून आमच्याकडं धाडलं होतं. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणं, गाणी शिकवणं हे त्यांचं काम. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, केस घट्ट बांधलेले. आमच्या बोलीत त्यांचं 'मला-तुला' वेगळं पडायचं. बायका पाठीमागं त्यांना 'मलावाली' म्हणत. पंधरा वर्षं राहूनही त्यांच्या तोंडून एकदा 'मले' निघालं नाही. कोणाच्या घरी चहा घेत नसत. एकाकडं घेतला की दुसरीकडं घ्यावा लागतो म्हणत. त्यामुळं त्यांच्या घरीही कोणी चहाला जात नसे.

बोलावणं यायचं ते मयताला. मग मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नसे. माप घेणं, अंग धुणं, पेटीला आतून मांजरपाट शिवणं, सगळं त्या एकट्या करत. पेट्या औषधांच्या खोक्यांच्या फळ्यांच्या असत. फळ्यांवर काळी इंग्रजी अक्षरं छापलेली असत. ती अक्षरं आत गेली पाहिजेत आणि मांजरपाटाखाली झाकली पाहिजेत, एक अक्षर बाहेर दिसता कामा नये, यावर त्यांचं फार लक्ष. "माणूस आहे, माल नाही," असं त्या याकोबदादाला बजावत. हैज्यात ज्यांना हात लावायला सख्खे भाऊ येत नव्हते त्यांनाही त्यांनी नखांसकट स्वच्छ केलं. सामुएलचे केस त्यांनी विंचरले होते. भांग मी पाडायची त्याच बाजूला पाडला होता. हे मी तेव्हा पाहिलं पण मानलं नाही.

'मेला' हा शब्द त्यांना चालत नसे. प्रभूत झोपला म्हणायचं. एकदा मिशनचा बैल मेला. फिलीपनं जाऊन तोंड पाडून सांगितलं, "बाई, तांब्या बैल प्रभूत झोपला."

मार्थाबाईंनी छत्री उचलली. "बैल मेला म्हणायचं, फिलीप. बैल मरतो."

"तुम्हीच त म्हणता मेला म्हणू नये."

"बैलाला पुनरुत्थान नाही."

"बिचारा," फिलीप म्हणाला. "जन्मभर धमणी ओढली त्यानं, अन् उठाचं आमीच?"

मार्थाबाईंना हसू आलं होतं. ते दिसू नये म्हणून त्या वळून गेल्या. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं, तेही पाठीवरून.

याकोबदादा तर नेहमीच त्यांना छळायचा. त्या स्वयंपाकघरात आल्या की ओट्यावर आडवा व्हायचा. "घ्या बाई माप. आता काही मी वाढत नाही."

"उठा. कणिक सांडेल."

"घेऊन ठेवा ना. मंग घाईत चुकन तुमचं. मले पाय दुमडून झोपाची सवय नाही."

दर शनिवारी दुपारी त्या कब्रस्तानात जात. क्रूसांना चुना लावत, गवत काढत, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडत त्यात मुरूम भरत. त्यांचं स्वतःचं कोणी तिथं नव्हतं. नवरा नगरला पुरलेला. काम झालं की त्या लिंबाखाली बसून मोठ्यानं पत्र वाचत. पत्र त्यांच्या मुलाचं, दानिएलचं. तो उमरखेडकडं शाळामास्तर होता. मी सामुएलकडं जायची तेव्हा पाठमोरी उभी राहून ऐकायची. शाळेचं छप्पर गळतं, डाळ महाग झाली, दिवाळीत येतो. त्या एकट्याच वाचत आणि मध्ये थांबत, जसं ऐकणाऱ्यानं काही विचारलं असावं. मी एकदा म्हटलं, "कोणाले वाचून दाखवता?"

"यांना," त्या म्हणाल्या. "यांना कोण पत्र पाठवतं?"

मी तिथून निघाले. माझ्या मुलालाही दानिएलची पत्रं ऐकवली जात होती, हे मला आवडलं की नाही ते आजही सांगता येत नाही.

सामुएल गेल्यानंतरच्या पाचव्या पावसाळ्यात मार्थाबाईंना तार आली. पैनगंगेला पूर असताना डोंगा उलटला. सात जण होते. चार काठाला लागले, दोन प्रेतं सापडली. दानिएल सापडला नाही.

पाळकांनी संध्याकाळी प्रार्थना ठेवली. मार्थाबाईंनी स्वतः गाणं उचललं. आवाज जराही हलला नाही. कंपाउंडातल्या बायका म्हणाल्या, विश्वास असावा तर असा. तिसऱ्या दिवशी परत प्रार्थना झाली. मग लोक आपापल्या कामाला लागले. तिसऱ्या दिवसानंतर शोक ओढू नये हे मार्थाबाईंनीच शिकवलं होतं. त्यांच्या दारी कोणी गेलं नाही. त्यांनी शिकवलेलं त्यांना कसं मोडून दाखवायचं? भेटल्यावर जो तो म्हणे, "प्रभूत झोपला, बाई." त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

मी मात्र पाहत होते. माझ्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच कुडाची भिंत होती, फटींतून पलीकडचं दिसे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मांजरपाट आणला आणि दानिएलचा जुना सदरा समोर पसरून त्याच्या मापाचा, पुरताना घालायचा कपडा शिवला. पेटी नाही, प्रेत नाही, आणि बाई कपडा शिवत बसलेली. एकदा मी पाहिलं, त्या रिकाम्या बाजेवर कोपर ठेवून हात पुढं नेत होत्या. कोपर, हात, कोपर, हात. चौथ्यावर थांबायच्या आणि परत पहिल्यापासून. शनिवारी कब्रस्तानात जात. चुना लावत. लिंबाखाली बसत. वाचायला काही नव्हतं, तरी पत्राच्या वेळेइतकं बसत.

खरं सांगायचं तर मला आधी बरं वाटलं. आता कळेल, असं वाटलं. महिना झाला तशी भाकर गोड लागेना. शेजारची बाई रात्रंदिवस गप्प आहे हे भिंतीतूनही कळतं.

बाभुळगावच्या बाजारात आई भेटली. चार वर्षं आमची भेट तिथंच होई, मिरच्यांच्या ढिगापाशी. मी सांगितलं.

"कोणी गेलतं तिच्याकडे?" आईनं विचारलं.

"प्रार्थनेले गेलतो सगळे."

"रडाले कोणी गेलतं?"

"नाही."

"भाकर नेली कोणी?"

मी मान हलवली. आई मिरच्या निवडत राहिली. "तू शेजारी राह्यते ना व सखू?" एवढंच म्हणाली. सखू माझं माहेरचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फाटकातून आत आली. डोक्यावर गाठोडं होतं. वेशीपासून रडत आली नाही, गप्प आली. माझ्या दाराकडं न पाहता मार्थाबाईंच्या पायरीवर बसली. मी मागोमाग गेले. मार्थाबाई दारात आल्या. आईला त्यांनी ओळखलं. हातात छत्री नव्हती.

"भाकरी आणल्या बाई," आई म्हणाली. "अन् रडाले आली. तोंडावर हात ठेवाचा असन त ठेवा. मी काही उठत नाही."

मार्थाबाई उंबऱ्यावर बसल्या. मग त्यांनी विचारलं ते आईलाच, माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

"आमच्या शास्त्रात आहे की शेवटी समुद्र आपल्यातले मेलेले परत देईल. जमीनही देईल. नदीचं लिहिलेलं नाही. मी पाळकांना विचारलं. ते म्हणाले, असले प्रश्न काढू नका."

आईचा या गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. पण प्रश्न तिनं नीट ऐकून घेतला, जसा शेताच्या बांधाचा ऐकावा.

"कोनती नदी?"

"पैनगंगा."

"ते कोठी जाते?"

"वर्धेला मिळते."

"अन् वर्धा?"

"पुढं गोदावरीत जाते."

"अन् गोदावरी?"

मार्थाबाईंनी शाळेत भूगोल शिकवलेला होता. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. मग म्हणाल्या, "समुद्राला."

"मंग झालं ना," आई म्हणाली. "तुमच्या देवानं मोठंच नाव लिहिलं. लहान लहान काहून लिहीन तो?"

मग आईनं विचारलं, "कसा होता पोरगा? मी त पाह्यला नाही. सांगा, त्याशिवाय मले रडता येत नाही."

"उंच होता," मार्थाबाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा वीतभर. दारातून येताना वाकायचा."

आईनं पदर तोंडासमोर धरला आणि सुरू केलं. आमच्या बायका मेलेल्याचे गुण सांगत रडतात, एक ओळ झाली की दम घेतात. "उंच माह्या दानिएला रे, दाराले लागे तुह्यं डोक्सं..." नाव कानावर पडलं तशा मार्थाबाई हलल्या. महिन्यात कोणी ते नाव उच्चारलं नव्हतं. "परत घ्या," त्या म्हणाल्या. आईनं परत घेतलं. "अजून काय करे तो?" आई मध्येच साध्या आवाजात विचारायची. "वांग्याची भाजी खात नसे." आई तेही रडण्यात घालायची. तिसऱ्या की चौथ्या वेळी मार्थाबाईंनी स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर नेला. आईनं तो धरला आणि खाली घेतला. मग त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाच्या आवाजासारखा नव्हता. दवाखान्यातून कंपाउंडर बाहेर आला. पाळकांच्या घरची खिडकी लागली.

आईनं पुढच्या ओळीत सामुएलचं नाव घेतलं. दोघांना एकाच ओळीत बसवलं, मोठ्याच्या खांद्यावर लहान. मीही रडले. त्याचं वर्णन करत नाही.

दुपारी तिघींनी त्या भाकरी खाल्ल्या. कडक झाल्या होत्या. खाताना मार्थाबाईंनी सांगितलं. त्यांचा नवरा गेला तेव्हा त्यांना बाप्तिस्मा घेऊन वर्षच झालं होतं. मिशनची माणसं दारात उभी होती, ही आता जुन्या रीतीनं रडते का ते पाहायला. रडलं की जुन्यात गेली म्हणत. "मी पदर तोंडात कोंबला. पोटात दानिएल होता. पुढं वाटायला लागलं की हीच रीत. दुसऱ्यांना शिकवली." मग माझ्याकडं वळल्या. "तुझ्या तोंडावर मी हात ठेवला होता."

"ठेवला होता," मी म्हटलं.

त्यांनी माफी मागितली नाही आणि मी माफ केलं असंही म्हटलं नाही. आईनं दोघींच्या ताटात चटणी वाढली.

मार्थाबाई त्यानंतर बदलल्या म्हणावं तर तसंही नाही. 'मेला' त्यांना शेवटपर्यंत चाललं नाही. उठायचं आहे यावरचा विश्वास कणभर हलला नाही, उलट पुराच्या दिवसांत मार्थाबाई गावच्या नदीकडं पाहून म्हणत, "जाऊ दे पुढं, जाऊ दे." पण याकोबदादा गेला तेव्हा त्याच्या लेकी गावाकडून रडत आल्या. मार्थाबाई छत्री घेऊन फाटकाकडं निघाल्या तशी मीही उठले. त्या फाटकाबाहेर गेल्या आणि त्याच दगडावर छत्री उघडून बसल्या. लेकी आत जाऊन मनसोक्त रडल्या. त्यांचं संपलं तेव्हा मार्थाबाई आत आल्या आणि गुडघे टेकून बसल्या. कोपर ठेवलं, हात ठेवला. "पाय सरळ राहतील एवढी पेटी करा," त्यांनी सुताराला सांगितलं. "त्याला दुमडून झोपायची सवय नव्हती."

सहासष्टच्या सुमारास मिशननं दवाखाना बंद केला. मार्थाबाईंना नगरकडच्या विधवांच्या आश्रमात जागा मिळाली. मी त्यांना यवतमाळच्या स्टँडवर पोचवायला गेले. एक पत्र्याची पेटी, छत्री आणि पिशवी. एस.टी. लागायला वेळ होता. मी चहा आणला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातचं काहीतरी घेतलं, तेही हॉटेलातलं.

त्यांनी पिशवीतून मांजरपाटाचा तो कपडा काढून दाखवला. "तिथं सांगून ठेवणार आहे, मला यातच ठेवा. लांब होईल. पायाशी दुमडा म्हणेन."

"अजून ठेवला?"

"मग काय करू? शिवलेला आहे."

गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं निरोपाला. त्यांनी कोपर खिडकीच्या पट्टीवर टेकवलं, हात सरळ केला आणि मग चार बोटं दाखवली.

"दोन हात, चार बोटं," त्या म्हणाल्या. "विसरले नाही मी. एकाचंही विसरले नाही."

गाडी धूळ उडवत गेली. त्यांचं नंतर पत्र आलं नाही. आमच्याकडूनही कोणी पाठवलं नाही. आई पुढं अकरा वर्षं जगली. फिलीपला जाऊन वीस झाली. मी आहे.